कंसातली नावं

(दहावी १९९५च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



माझी ओळख करून देताना सूत्रसंचालकांनी 'सॉफ्टवेअर इंजिनीअर' म्हणून सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी 'आता एआयवर ऐकावं लागणार' असं म्हणालं. ते मला ऐकू आलं. घाबरू नका. मी आज कॉम्प्युटरवर बोलणार नाही. गेली चार वर्षं सुट्टीच्या दिवशी मी जो उद्योग करते आहे, त्याबद्दल बोलणार आहे. मी माझ्या घराण्याची माणसं शोधते आहे. माझ्या मुलीच्या भाषेत सांगायचं तर, 'आई मेलेल्या लोकांची हजेरी घेते.'

सुरुवातीला एक हात वर करायला सांगते. शाळेच्या दाखल्यावर ज्यांची जन्मतारीख १ जून आहे, त्यांनी हात वर करा. बघा! अर्धा हॉल. सर हसताहेत, कारण त्यांना कारण माहीत आहे. पोर शाळेत घालायला आणलं, आईबापाला तारीख सांगता येईना, की गुरुजी वयाचा अंदाज घ्यायचे आणि १ जून टाकून मोकळे व्हायचे. पोर शाळेत बसलं, हे महत्त्वाचं. माझ्या बाबांचा वाढदिवससुद्धा १ जून. आम्ही तो दरवर्षी केला. ही तारीख लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

या उद्योगाची सुरुवात एका आयरिश माणसाने करून दिली. आमच्या प्रोजेक्टची एक टीम डब्लिनला आहे. लॉकडाऊनच्या दिवसांत सगळं काम घरून चालायचं. एकदा मीटिंग सुरू व्हायला वेळ होता, तेव्हा तिथल्या एका सहकाऱ्याने स्क्रीनवर एक जुना कागद दाखवला. २ एप्रिल १९११च्या आयर्लंडच्या जनगणनेचा, त्याच्या पणजोबांच्या घराचा फॉर्म. घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, लिहिता-वाचता येतं का, कोणती भाषा बोलतो, आणि खाली पणजोबांची सही. लग्न झालेल्या बायकांसाठी वेगळे रकाने होते. लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, आज किती हयात आहेत. त्याच्या पणजीपुढे लिहिलं होतं नऊ, आणि शेजारी सहा. तो म्हणाला, 'तीन मुलं गेली हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. हा कागद बघितला तेव्हा कळलं.'

हे सगळे फॉर्म तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. मी म्हटलं, तुमचं बरं आहे बाबा. तर तो म्हणाला, बरं कसलं? त्यांच्या यादवी युद्धात, जून १९२२मध्ये, डब्लिनचं सरकारी दप्तरखाना जळालं. शेकडो वर्षांचे कागद गेले. त्याआधीच्या काही जनगणना तर सरकारनेच नष्ट केल्या होत्या. मग तिथले लोक दुष्काळाच्या काळातली माणसं कशी शोधतात? जमिनीच्या कागदावरून. १८४७ ते १८६४च्या दरम्यान तिथे कर बसवण्यासाठी घराघराची आणि शेताशेताची मोजदाद झाली. कोणती जमीन कोण कसतो याच्या त्या याद्या होत्या. जनगणना गेली, पण साऱ्याच्या याद्या राहिल्या.

आणि मग त्याने सहज विचारलं, 'तुझ्या पणजीचं नाव काय?'

मला सांगता आलं नाही. पणजोबांचं आलं, खापरपणजोबांचंही आलं. पणजीचं नाही. आईला फोन केला. आई म्हणाली, 'अगं, सासूबाई त्यांना आत्याबाई म्हणायच्या. नाव कोण घेतंय?'

आपल्याकडे जनगणना होते, पण घरोघरची नावनिशी गोपनीय असते, ती कुणाला पाहायला मिळत नाही. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या असतात, पण आमच्या घरातून नाशिक-त्र्यंबकला कोण कधी गेलं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. काही घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी लोक पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात आणि दारात येऊन वाचून दाखवतात. आमच्या शेलूला हेळवीही नाहीत आणि आमचा कुलवृत्तांतही नाही.

घरात एक वंशावळ मात्र होती. पुतण्याच्या जात पडताळणीसाठी दादाने प्रतिज्ञापत्रावर काढलेली. ती तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी काढली असेल. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो, तो ज्या पूर्वजाचा मिळेल तिथपासून अर्जदारापर्यंत रेघा जोडायच्या. २०२३मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर जुनी दप्तरं उघडली, तेव्हापासून तर 'मोडी', 'गाव नमुना १४', 'प्रवेश निर्गम' हे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू यायला लागले. आपल्याकडे वंशावळ हा हौसेचा विषय नाही. ती गरजेची वस्तू आहे, आणि जेवढ्यापुरती गरज, तेवढीच माणसं तिच्यात येतात.

तो कागद मी पहिल्यांदा नीट बघितला. सतरा माणसं होती. सतराही पुरुष. मी त्यात नव्हते. आई नव्हती, आजी नव्हती. दादाची काही चूक नव्हती, नमुनाच तसा असतो. पण मी इंजिनीअर आहे. एवढा मोठा डेटा गायब दिसला की मला झोप लागत नाही.

मग मी त्या आयरिश माणसाचीच वाट धरली. जमीन. कर्जतच्या तहसील कार्यालयात अर्ज केला, नक्कल फी भरली आणि आमच्या गटांचे जुने फेरफार मागितले. तुम्हाला सल्ला देते. नुसता सातबारा मागू नका. सातबारा म्हणजे आजची परिस्थिती. फेरफार म्हणजे ती परिस्थिती कशी आली त्याची गोष्ट. कोण कधी वारलं, वारस कोण लागले, कुणी विकलं, कुणी सोडलं, सगळं तारखेनिशी क्रमाने. आमच्या धंद्यात प्रोग्रॅममधला प्रत्येक बदल कुणी, कधी, का केला याची नोंद ठेवावी लागते. मला वाटायचं ही आमची हुशारी. आपल्याकडे ही हक्कनोंदणी १९०३च्या कायद्यापासून आहे. तलाठी आमच्या कितीतरी पुढे होते.

वाचायला शिकायला मात्र वेळ लागला. जुन्या कागदांत आडनावच नाही. अमुक बिन तमुक. बिन म्हणजे त्याचा मुलगा. बाई असेल तर अमुक कोम तमुक. कोम म्हणजे त्याची बायको. काही पानं मोडीत होती, ती एका जाणकार गृहस्थांकडून वाचून घेतली. जिल्ह्याचीही गंमत आहे. आपल्यापैकी बरेच जण जन्मलो ते कुलाबा जिल्ह्यात, शाळेत शिकलो ते रायगड जिल्ह्यात. नाव बदललं १ जानेवारी १९८१ला. पण त्याच्याही आधी, १८९१पर्यंत, कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता. म्हणजे त्याआधीचं काही शोधायचं तर ठाण्याच्या नावाखाली शोधायचं. आमचं घर जागचं हललं नाही. जिल्हेच त्याच्यावरून गेले.

नंतरच्या कागदांत आखूड अक्षरं येतात. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावापुढे ही तीन अक्षरं असली की समजायचं, मागे आख्खं घर उभं आहे, ते कागदावर दिसत नाही एवढंच. आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस लहान असेल, तर त्याच्या वतीने व्यवहार बघणारं माणूस.

या अ.पा.क.ने मला पणजी मिळवून दिली. पणजोबा तरुणपणी गेले. आमची थोडी वरकस जमीन होती, डोंगराच्या उताराची. तिला आजोबा वारस लागले. आजोबा अज्ञान, आणि पुढे लिहिलं होतं, 'अ.पा.क. आई', आणि तिचं नाव. घरात ज्या बाईचं नाव चार पिढ्यांत कुणी घेतलं नाही, ते तिथे होतं, कारण तिचा नवरा लवकर मेला. तो म्हातारा होऊन मेला असता, तर तिचं नाव कुठेच लागलं नसतं. मी डब्लिनला मेसेज केला, सापडली. घरातली नावं मी आज मुद्दाम घेत नाही हं. हे भाषण स्मरणिकेत छापणार आहेत, आणि विषय जमिनीचा आहे. समोर दोन वकील आणि तीन एजंट बसलेत. (हशा)

भाताची जमीन आमची नव्हती. सावकाराची होती, आम्ही कूळ. १९४८चा कूळ कायदा आला, मग १ एप्रिल १९५७चा कृषक दिन, आणि पुढे आजोबांना ३२ म चं प्रमाणपत्र मिळालं. कसणारा मालक झाला. ते प्रमाणपत्र आमच्या घरात देवाच्या फोटोमागे असायचं. २६ जुलै २००५ला उल्हास नदी घरात आली, तेव्हा बाबांनी आधी ते काढलं आणि मग टीव्ही. ट्रंकेतले बाकीचे कागद भिजून लगदा झाले. आयर्लंडचं दप्तर आगीत गेलं, आमचं पाण्यात. त्या प्रमाणपत्रावर एकच नाव आहे, आजोबांचं. आता आवणी कोण करतं हे या हॉलमध्ये मी कुणाला सांगायला नको. कंबरेतून वाकून चिखलात उलटं उलटं कोण चालतं, ते सगळ्यांनी बघितलंय.

आजोबा १९८७ला गेले. त्यानंतरच्या दोन फेरफारांसाठी मी आज इथे उभी आहे.

पहिला वारसाचा. मुलगा, मुलगा, मुलगी. माझे बाबा, काका आणि आत्या. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच वाटा, म्हणून आत्याचं नाव लागलं. दुसरा फेरफार सात महिन्यांनंतरचा. आत्याने स्वखुशीने, विनामोबदला हक्क सोडला, सबब नाव कमी केलं. सातबाऱ्यावर नाव कमी करतात म्हणजे ते खोडत नाहीत. त्याला कंस करतात. तलाठी कार्यालयात म्हणतात, 'त्या बाईंच्या नावाला कंस झाला.' नाव वाचता येतं, पण ते मोजलं जात नाही. आम्हीसुद्धा प्रोग्रॅममधली नको असलेली ओळ अशीच खुणा करून ठेवतो. ओळ दिसते, चालत नाही.

आत्या सातबाऱ्यावर सात महिने होती. कागदाखाली बाबांची सही, काकांची सही, आणि मग 'निशाणी, डाव्या हाताचा अंगठा'.

आत्या आज एक्क्याऐंशी वर्षांची आहे. तिला खालापूर तालुक्यात दिलेली. मी कर्जतला गाडी बदलून खोपोलीच्या लोकलने तिच्याकडे जाते. तिला सगळे आक्का म्हणतात. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, ते सासरचं नाव रेशनकार्डावर आहे. माहेरचं नाव तिच्या मुलांनाही आठवेना. मी तिला जुन्या गोष्टी विचारत होते, मोबाइलवर रेकॉर्ड करत होते. बोलता बोलता ती म्हणाली, 'मी पण शाळेत व्हते ना. तिसरीपर्यंत.' तिचा मुलगा हसला. म्हणाला, 'आई, कायतरी सांगू नको. तू बँकेत अंगठा देतेस.' ती गप्प बसली. तिने विषय बदलला, माझ्यासाठी पोपटी लावायला सांगते म्हणाली. पोपटीचे दिवस नव्हते.

मला ते गप्प बसणं लागलं. परत येताना ठरवलं, बघायचंच.

तिची शाळा शेजारच्या गावातली. आज ती जिल्हा परिषदेची आहे. जिल्हा परिषदा आल्या १९६२मध्ये, तेव्हा ती स्कूल बोर्डाची होती. मी मुख्याध्यापकांकडे गेले, अर्ज दिला, नात्याचा पुरावा दिला. ते म्हणाले, 'मॅडम, कुणबी नोंदींच्या वेळी ही रजिस्टरं बाहेर काढली, म्हणून वाचली. नाहीतर वाळवीने खाल्ली असती.' कापडाने बांधलेलं जनरल रजिस्टर त्यांनी टेबलावर ठेवलं. पानाच्या कडा बिस्किटासारख्या तुटत होत्या. टाकाचं अक्षर, निळी-काळी शाई. नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचं कारण, शेरा. इथे बसलेल्या शिक्षकांना हे रकाने तोंडपाठ असतील. तुम्ही आयुष्यभर ते भरलेत.

१९५१च्या पानावर वीस नावांत तीन मुली होत्या. तिसरी आत्या. तिचं माहेरचं पूर्ण नाव. जन्मतारीख १ जून, हे वेगळं सांगायला नको. प्रगती, 'चांगली'. तिसरीत नाव कमी केलं ८ डिसेंबर १९५३ला. आणि कारणाच्या रकान्यात त्या गुरुजींनी लिहिलं होतं, 'घरी लहान भाऊ सांभाळण्यासाठी'.

बाकीच्या मुलांपुढे 'गैरहजर', 'गैरहजर', 'परगावी गेला' एवढंच होतं. या गुरुजींना 'गैरहजर' लिहून भागवता आलं असतं. त्यांनी चौकशी केली आणि खरं कारण लिहिलं. त्यांचं नाव मला माहीत नाही. पण हे बघा, बहात्तर वर्षांनी एक बाई येऊन ते वाक्य वाचते आणि मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर तिला खुर्ची लागते.

कारण तो लहान भाऊ म्हणजे माझे बाबा.

मी रजिस्टरमधला उतारा घेऊन परत आत्याकडे गेले. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'व्हय. तुझा बाप दिवाळीत झाला. कापणी चाललेली, आई खळ्यावर. तान्ह्याला कोण घेनार? दिवाळीची सुट्टी संपली, मी गेलेच नाय.' म्हणजे बाबांचा जन्म १९५३च्या दिवाळीतला. आम्ही एकसष्ट वर्षांच्या माणसाचा वाढदिवस दरवर्षी जूनमध्ये, पहिल्या पावसाची वाट बघत केला. बाबा २०१४ला गेले. त्यांना हे कळलं असतं, तर ते काय म्हणाले असते? बहुतेक म्हणाले असते, 'म्हणजे पेन्शन पाच महिने आधीच लागली.'

मग मी विचारलं, 'आत्या, तुला लिहिता येत होतं, तर कागदावर अंगठा का दिलास?'

ती म्हणाली, 'पेन कोनी दिलंच नाय गं. शाईचा डबा पुढं केला, मी अंगठा लावला.'

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. हक्क सोडल्याबद्दलही नव्हती. 'भावांची जमीन घेऊन माहेर तोडायचं का? तुझ्या बापाने एक भाऊबीज चुकवली नाय.' हे खरं आहे. बाबा पावसात, तापात, कसेही खोपोलीला जायचे. तिच्या घरी एक पितळी हंडा आहे, त्यावर बाबांनी तिच्या साठीला नाव घालून दिलं होतं. ठोक्यांनी कोरलेलं, 'चि. सौ. ताईस, भावाकडून', आणि तारीख. मी आता कुणाच्याही घरी गेले की भांडी उलटी करून बघते. आपल्या बायकांची वंशावळ निम्मी तिथेच आहे.

मी पर्समधून पेन काढून तिच्या हातात दिलं. तिने उताऱ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. पाटीवर कित्ता गिरवतात तसं, अक्षराला वरची रेघ आधी काढून. माहेरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मधलं एक अक्षर चुकलं, तिचं तिला कळलं, तिने ते खोडून नीट केलं. तिचा मुलगा दारात उभा होता. त्या दिवशी तो हसला नाही.

आता शेवटचा फेरफार.

नकला घेताना मला २०१५चाही एक फेरफार मिळाला होता. तो मी वाचलाच नव्हता, कारण त्यात काय आहे ते मला माहीत होतं. बाबांच्या मागे आई, दादा आणि मी वारस लागलो, आणि पुढे आईने आणि मी दादाच्या नावे हक्क सोडला. त्या दिवशी कर्जतच्या रजिस्ट्रार ऑफिसात मी अर्धी रजा टाकून आले होते. संध्याकाळी आमचं एक काम ग्राहकाकडे सुरू व्हायचं होतं. एका कानाला फोन होता. दादाने पान उघडून धरलं, मी सही केली, मशीनवर अंगठा दिला, फोटो काढला, वडापाव खाऊन लोकल पकडली. कागद वाचला नाही. आत्याच्या घरून आल्यावर रात्री तो पहिल्यांदा वाचला. 'स्वखुशीने व विनामोबदला.' आत्याच्या कागदातलंच वाक्य, शब्दाला शब्द. तिच्या वेळी २००५ची दुरुस्ती नव्हती. माझ्या वेळी होती. मुलगी जन्मानेच मुलाच्या बरोबरीची, हे मी ऑफिसात महिला दिनाच्या भाषणात सांगितलेलं आहे. तिच्याजवळ पेन नव्हतं. माझ्याजवळ पेन होतं, डिग्री होती, आणि मी पान वाचलं नाही.

माझ्याही नावाला कंस आहे.

दादा समोर बसलाय, दोन वर्षं आपल्यापुढे होता शाळेत, तुम्ही सगळे त्याला ओळखता. त्याला विचारून हे बोलते आहे. तो वाईट माणूस नाही. आईला तोच सांभाळतो. शेलूला आता जिकडे बघाल तिकडे टॉवर, आणि आमच्या गटाला दर महिन्याला कुणीतरी भाव विचारायला येतं, तरी त्याने अजून भात लावणं सोडलेलं नाही. मी त्याला कागद दाखवले, तेव्हा त्याने दोन दिवस काही म्हटलं नाही. मग विचारलं, 'तुझं नाव परत चढवायचं का?' आणि जरा थांबून, 'आक्काचं पण?' मी म्हटलं, बघू. आमचं बोलणं चालू आहे. शेवट काय होईल ते मला आज सांगता येणार नाही. पण हा विषय आमच्या घरात तीन पिढ्यांत पहिल्यांदा बोलला जातो आहे, आणि अजून तरी भाऊबीज चुकलेली नाही.

वंशावळ मात्र मी नवी काढली. सतराच्या आता एकसष्ट झाल्या. मुली आहेत, सुना आहेत, त्यांची माहेरची नावं आहेत, दोन तान्ही गेलेली पोरंही आहेत. काही चौकोन रिकामे आहेत. पणजीच्या आईचा रिकामा आहे, तो बहुधा रिकामाच राहील. पण चौकोन काढलेला आहे, म्हणजे माणूस होतं एवढं तरी कळेल.

हे तुम्हाला सांगण्याचं एक कारण आपल्याच वर्गातलं आहे. आपण बावन्न जण. हा मेळावा ठरला, तेव्हा एकतीस मुलगे आठ दिवसांत सापडले. एकवीस मुलींना चार महिने लागले. तिघी अजून सापडलेल्या नाहीत. कुणाची आडनावं बदलली, कुणाची नावंही. शेवटी कोण सापडली कशावरून? कुणाच्या भावाच्या दुकानावरून, कुणाच्या आईच्या शेजारणीवरून, आणि दोघी शाळेच्या रजिस्टरमधल्या पत्त्यावरून. आयोजकांनी आज बॅजवर मुलींची दोन्ही नावं लिहिली, त्याबद्दल मी त्यांचे मनापासून आभार मानते. मला दहा मिनिटांत तीन जणी ओळखता आल्या, नाहीतर नुसतं हसून पुढे गेले असते.

तर माझं मागणं थोडं आहे. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस गाठा आणि त्याला बोलू द्या. मध्ये हसू नका. जुने फेरफार काढा, मोबाइलवर फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा, नदी आपल्या सगळ्यांच्याच जवळ आहे. मैत्रिणींनो, सही करायची असेल तर खुशाल करा, सोडायचं असेल तर सोडा, पण बसून, वाचून करा. भावांनो, बहिणीला सहीला बोलवाल तेव्हा कागद आदल्या दिवशी पाठवा.

आणि बॅचच्या निधीतून शाळेला काय द्यायचं, यावर ग्रुपवर वॉटर कूलर की प्रोजेक्टर असं चाललंय. माझी सूचना आहे, जुन्या रजिस्टरांसाठी एक चांगलं, वाळवी न लागणारं, वरच्या मजल्यावर ठेवायचं लोखंडी कपाट द्यावं. सर, बाई, तुम्ही त्या रकान्यांत काय काय लिहून ठेवलंय, हे आमच्या नातवंडांना कधी लागेल सांगता येत नाही.

स्मरणिका निघेल तेव्हा तिच्या शेवटी एक कोरं पान ठेवायला मी संपादकांना सांगितलं आहे. त्यावर आईचं, आजीचं, पणजीचं नाव लिहा, माहेरच्या आडनावासकट. अडलात तर आज रात्रीच फोन करा. ज्याला विचारायचं ते माणूस कदाचित अजून जागं असेल.